उजवी बाजू वर

छापील सुती कापडाचा वास ज्यांनी फक्त दुकानात घेतला आहे, त्यांना तो आवडतो. आमच्या कारखान्यात तो सकाळी आठला नाकात शिरायचा आणि घरी जेवताना घासाबरोबर पोटात जायचा. रंगात रॉकेल, कापडाला खळ, आणि उन्हाळ्यात वारा फिरला की पलीकडच्या अननसाच्या कारखान्यातून उकळत्या पाकाचा गुळमट दर्प. एकोणीस वर्षं मी हे सगळं हुंगलं. अजूनही बसमध्ये कुणी बाई जास्वंदी छापलेला झगा घालून शेजारी बसली, तर मी उठून जागा बदलते.

मी फिलोमिना रपोझो. सगळे मेना म्हणतात. माझं काम काजं करण्याचं. होनोलुलूला काकाआकोमध्ये मिसेस थॉर्नबरीचा कारखाना होता, वीस मशिनी आणि वीस बायका, तिथे मी काजांच्या मशिनीवर बसायचे. तिला आम्ही मॅडम म्हणायचो. आम्ही समुद्रावर घालायचे बायकांचे कपडे शिवत होतो. पाठ उघडी टाकणारे झगे, ती पाठ झाकायला वर आखूड जाकीट, त्याच कापडाची टोपी, त्याच कापडाची पिशवी. त्यावर जास्वंदी छापलेल्या, एकेक कोबीच्या गड्ड्याएवढी. माझ्या अंगणात जास्वंद आहे. ती बिचारी कधी एवढी फुगली नाही आणि एवढी निर्लज्जही झाली नाही. बोटीतून गोऱ्या बायका उतरायच्या, दोन दिवसांत उन्हानं भाजायच्या, तिसऱ्या दिवशी त्यांची कातडी सोलून निघायची आणि त्या सोललेल्या खांद्यांवर आमची फुलं. मला बघवायचं नाही.

पण मला सांगायचं आहे ते हात्सुयो-सानबद्दल.

हात्सुयो मुराकावा, जपानी रीतीनं मानानं हात्सुयो-सान, आमच्याकडे नमुने शिवायची. मॅडमच्या डोक्यातून जे निघेल ते आधी हात्सुयो-सानच्या हातून कपडा होऊन यायचं, मग आम्ही वीसजणी त्याच्यासारखे शेकडो काढायचो. एकोणिसाव्या वर्षी, हातात लग्न ठरलेल्या, कधी न पाहिलेल्या माणसाचा फोटो घेऊन ती जपानहून बोटीनं आली. धक्क्यावर नवरा भेटला तेव्हा कळलं, फोटो बराच जुना होता. "माणूस मात्र बरा निघाला," एवढंच ती म्हणायची. त्याच्याबरोबर उसाच्या मळ्यात राबली. संध्याकाळी मळ्यातल्या बायकांचे कपडे शिवायची, जाड निळ्या कापडाचे, बाह्या पार बोटांपर्यंत, कारण उसाचं पान सुरीसारखं कापतं. तिचे कपडे इंचन् इंच अंग झाकायचे. तीच बाई पुढे अंग उघडं टाकणारे कपडे शिवायला बसली आणि त्यातही तिचा टाका कधी वाकडा गेला नाही. नवरा छातीच्या दुखण्यानं गेला. त्याला शेवटचे कपडे तिनंच घातले आणि नऊ वर्षांच्या मुलीला, इत्सुएला, घेऊन शहरात आली.

तिला एक खोड होती. कुणाचा किमोनो, कुणाचा युकाता, म्हणजे उन्हाळ्यातला सुती किमोनो, समोर कसा मिटलाय हे ती आधी बघायची, तोंड नंतर. डावी बाजू वर पाहिजे म्हणजे पाहिजे. उन्हाळ्यात देवळाच्या अंगणात पितरांचं नृत्य असायचं तेव्हा ही रांगेच्या टोकाला उभी राहायची आणि येणाऱ्या प्रत्येक पोरीची छाती तपासायची. पोरी कुरकुरायच्या. ही ऐकायची नाही.

एकदा आम्ही दोघी वायकीकीला तयार माल पोचवायला गेलो होतो. हॉटेलसमोर एक धिप्पाड गोरा माणूस विकत घेतलेला युकाता घालून आइस्क्रीम खात उभा. उजवी बाजू वर. हात्सुयो-सान त्याच्या छातीपर्यंतही येत नव्हती. सरळ गेली, त्याचा पट्टा सोडला, बाजू बदलली, पट्टा बांधला, वाकून नमस्कार केला आणि परत आली. त्या माणसाच्या हातातलं आइस्क्रीम मनगटावर ओघळलं.

"अगं बाई, त्याला वाटलं असेल तुझं त्याच्यावर मन बसलं!" मी हसून हसून पोट धरलं.

ती हसली नाही. "मेना, उजवी बाजू वर फक्त मेलेल्याची असते. एकदाच. आणि ती घरच्यांनी करायची असते."

हे मी तेव्हा पोटात ठेवायला हवं होतं.

त्रेपन्न साली मॅडमला युकाताच्या कापडाचं वेड लागलं. जपानहून ठाणं आली. अरुंद पन्ह्याचं, मऊ, पांढऱ्यावर निळ्या लाटा आणि बांबूची पानं. उन्हाळ्यात अंगाला लागलं की माणूस शांत व्हावा असं ते कापड. मॅडमनं बोटाच्या टोकानं उचलून बघितलं, म्हणाली "फार गरीब दिसतंय," आणि त्या निळ्या लाटांवर भडक गुलाबी जास्वंदी छापून घेतल्या.  हात्सुयो-साननं ठाण हातात घेऊन फक्त उलटं केलं आणि छपाई आरपार गेली आहे का ते बघितलं. गेली होती.

त्या कापडाचे समुद्रावर घालायचे लांब कोट करायचे होते. पोहण्याच्या कपड्यांवर घ्यायचे, समोर गुंडाळायचे, कमरेशी एक मोठं बटण. हात्सुयो-साननं नमुना शिवला, डावी बाजू वर. मॅडमनं तो अंगावर चढवला, आरशासमोर फिरली आणि थांबली.

"हात्सी, हा तर पुरुषाचा कोट झाला. बायकांची उजवी बाजू वर असते, एवढं तुला कळू नये?"

साठीला टेकलेल्या बाईला ती हात्सी म्हणायची.

"मॅडम, हे युकाताचं कापड आहे," हात्सुयो-सान म्हणाली. "ह्याची डावी वर."

"कापडाला कुठली आलीय बाजू? सॅन फ्रान्सिस्कोचे दुकानदार मला वेड्यात काढतील. उलट कर."

हात्सुयो-सान खाली बघत उभी राहिली. कारण सांगेना. नव्या कापडावर मरणाचं नाव काढायचं नाही असं तिचं होतं. मला ते बघवेना. मला वाटलं, हिला नीट सांगितलं की लाज वाटेल. मी मशिनीवरून ओरडले, "मॅडम, उजवी वर मढ्याची असते यांच्यात! मढ्यासारखं गुंडाळून पाठवणार का तुमच्या बायांना समुद्रावर?"

सगळ्या मशिनी थांबल्या. मॅडम माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिचा चेहरा फुलला. "काय सांगतेस! किती गोड!"

गोड. मारियामाते, तो शब्द अजून माझ्या घशात अडकलाय.

दुपारच्या सुट्टीत हात्सुयो-सान माझ्याशेजारी बसली, पण रोजच्यासारखं मुळ्याचं लोणचं पुढे केलं नाही. भाताचा गोळा खात म्हणाली, "मेना, तुझ्या तोंडाला काज आहे. बटण नाही."

कोट उलटा झाला. पाचशे कोट. ती खडूनं खूण करायची, मी त्या खुणेवर काज करायचे. काज म्हणजे कापडाला भोक. एकदा सुरी पडली की ते परत बुजत नाही. पहिल्या दिवशी माझा हात अडखळला. चौथ्या दिवशी मी काज करता करता गाणं म्हणत होते. मॅडमला नावं ठेवते तेव्हा हेही सांगायला हवं.

तरी हे सगळं हात्सुयो-साननं गिळलं असतं. अनोळखी बायका काय घालतात ते त्यांचं. पण आठ दिवसांनी मॅडमनं जाहीर केलं की हॉटेलच्या बागेत कपड्यांचा कार्यक्रम आहे आणि युकाताचा कोट घालून इत्सुए चालणार.

इत्सुए तेव्हा पंचवीसची. मॅडमच्या वायकीकीच्या दुकानात विकायला उभी असायची. सुरेख, उंच, बोलण्यात चुणचुणीत. मॅडमनं तिला शब्द दिला होता, कार्यक्रम चांगला झाला तर सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या दुकानात शिकायला पाठवीन. रविवारी मी प्रार्थनेहून परतताना गोड पाव घेऊन त्यांच्याकडे गेले तर मायलेकी समोरासमोर बसलेल्या आणि मध्ये तो कोट.

"आई, हा कोट आहे. किमोनो नाही. ह्याला बटण आहे, बघ!"

"बटण असलं म्हणून?"

"म्हणून काय म्हणजे? तुझ्या खेड्यातले नियम इथे कुणाला माहीत आहेत? कुणी बघणार नाही."

"मी बघणार."

इत्सुए माझ्याकडे वळली. "मेना मावशी, तुम्ही तरी सांगा. मला मिरवायची हौस नाही. मला इथून जायचंय. मला आयुष्यभर दुसऱ्यांच्या पिशव्या भरून द्यायच्या नाहीत. एवढा एकच रस्ता आहे माझा."

"जा की," हात्सुयो-सान म्हणाली. "मी कुठे अडवते? तुझ्या बापाला मी या हातांनी उजवी बाजू वर घातली. तुला तशी बघायला लावू नकोस. एवढंच."

इत्सुएनं कोट ओढून मांडीवर घेतला. मग म्हणाली, "बरं. एक कोट डाव्या बाजूचा करून द्या. तो घालीन."

सोमवारी हात्सुयो-साननं एका कोटावर डावीकडे खूण केली आणि मी त्यावर उभ्या जन्मात केलं नसेल असं सुबक काज केलं. मला वाटलं, झालं. माझ्या तोंडानं केलेली घाण माझ्या हातानं निपटली.

कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही दोघी पडद्यामागे होतो, कुणाचा टाका सुटला तर शिवायला. हात्सुयो-सानच्या मनगटावर टाचण्यांची गादी. समोर हिरवळीवर गोल टेबलं, त्यांभोवती दीडेकशे बायका, थंड चहा, अननसाच्या फोडी आणि त्यावर माशा. प्रत्येकीच्या अंगावर जास्वंदी. पानसुद्धा दिसत नव्हतं, फुलंच फुलं. इत्सुए कपडे बदलायच्या तंबूतून परस्पर पुढे गेली. मी मागे वळले तर आमचा डाव्या बाजूचा कोट खुंटीवर तसाच.

ती चालत होती. उजवी बाजू वर, बटण लावलेलं, चेहऱ्यावर हसू.

मॅडमनं भोंगा हातात घेतला. "आमच्याकडे एक गोड म्हातारी शिवायला आहे. ती म्हणते, पूर्वेकडे असा कोट माणूस एकदाच घालतो. आणि आजवर एकानंही परत येऊन तक्रार केली नाही!"

काय हसल्या त्या! दात, हिरड्या, लिपस्टिक, अननसाचा चोथा. एकीला ठसका लागला तर दुसरी तिची सोललेली पाठ थोपटत होती. माझ्या तोंडून निघालेली गोष्ट होती ती, आणि ती दीडशे तोंडांत चघळली जात होती. आणि इत्सुए मधोमध उभी राहून त्यांच्याबरोबर हसत होती.

हात्सुयो-सान पडद्यामागून निघाली. मी पदर धरावा तसा तिचा ॲप्रन धरला, तो माझ्या हातातून निसटला. हिरवळीवरून ती लहान लहान पावलं टाकत लेकीपर्यंत गेली. बटण काढलं. उजवी बाजू आत, डावी वर. काज त्या बाजूला नव्हतं, म्हणून मनगटावरची टाचणी काढून टोचली. हातानं कापड सरळ केलं, लहानपणी देवळात नेताना करत असेल तसं.

 इत्सुएचं हसू तसंच होतं, ओठ न हलवता ती म्हणाली, "आई, घरी जा."

आणि मॅडम! ती अर्ध्या क्षणात सावरली. "पाहिलंत? दोन्ही बाजूंनी घालता येतो!"

टाळ्या कडाडल्या.

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक कोटाला दोन काजं आणि दोन बटणं. एक बाजू जिवंताची, एक मेलेल्याची, गिऱ्हाइकाला वाटेल ती. वर कागदाची चिठ्ठी, "दुहेरी कोट, पूर्वेची खास रीत." उरलेल्या सगळ्या कोटांना मीच दुसरं काज केलं. घरी आल्यावर हात साबणानं धुवायचे, परत धुवायचे, आणि सकाळी पुन्हा जाऊन बसायचे. नोकरी सोडण्याइतका तिटकारा मला कधी आला नाही, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त तिटकारा येतो.

हात्सुयो-साननं मात्र सोडली. ॲप्रनची घडी घातली, आपली कात्री आणि बोटात घालायची पितळी टोपी पिशवीत टाकली. मॅडम म्हणाली, "हात्सी, एवढं काय मनाला लावून घ्यायचं?" हात्सुयो-सान वाकली आणि निघून गेली. इत्सुए महिन्याभरात सॅन फ्रान्सिस्कोला गेली. बंदरावर मीच पोचवायला गेले. आईबद्दल तिनं एकदाही विचारलं नाही आणि मीही काही सांगितलं नाही.

पुढची सहा वर्षं हात्सुयो-सान घरी बसून देवळाच्या माणसांसाठी शेवटचे कपडे शिवत होती. पांढरे, बिनअस्तराचे. ह्यात दोऱ्याला गाठ मारायची नसते आणि टाका मागे घ्यायचा नसतो. रविवारी मी जायचे, ती मलाही एक बाही द्यायची.

"गाठ का नाही मारायची?"

"गाठ मारली की जाणारा अडकतो."

"आणि उसवलं तर?"

"कुठे चालायला जायचंय त्याला?" म्हणायची, आणि लोणचं पुढे करायची.

स्वतःचाही शिवून ठेवला होता तिनं. एकदा काढून दाखवला. "मला उजवी बाजू वर. विसरू नकोस. तुझ्या हातून नको, तुझं काज चुकतं." हे हसून म्हणाली. मग हसू थांबलं. "इत्सुए आली तर तिच्या हातून."

इत्सुएची पत्रं नवीन वर्षाला यायची. आत फोटो असायचा, एकदा दुकानासमोर, एकदा मोटारीपाशी. हात्सुयो-सान चष्मा लावून आधी गळा बघायची, कोट कसा मिटलाय, आणि मग तोंड. पत्र ती दोनदा वाचायची. उत्तर पाठवायची ते चार ओळींचं.

एकोणसाठच्या मार्चमध्ये ती गेली. मी तार केली. दुसऱ्या दिवशी विमानातून इत्सुए उतरली. तिकडची माणसं घालतात तसा काळा पोशाख होता. मला त्याचंच बरं वाटलं. मी तर फुलांचं काहीतरी घालून येईल म्हणून दात आवळून उभी होते.

प्रेताची तयारी करायच्या खोलीत आम्ही दोघीच होतो. भिक्षू बाहेर बसलेले. मी पिशवीतून पांढरा कपडा काढला. इत्सुएनं आईचे हात बाह्यांत घातले, हळू, एकेक बोट सोडवत. मग समोरच्या दोन्ही बाजू घेतल्या आणि मिटल्या. डावी वर. एका झटक्यात, नीट, गळ्याशी सुरकुती नाही. हातानं कापड सरळ केलं.

आणि तिचं तिलाच कळेना काय चुकलं.

"इत्सुए," मी म्हटलं. "आज उलटी."

ती माझ्याकडे बघत राहिली. "माहीत आहे," म्हणाली. पण हात हलेनात. "मावशी, तिकडे आरशासमोर उभी राहते तेव्हा माझे हात असेच जातात. युकाता घरी घालते मी. कुणी बघत नाही तरी डावीच वर येते." ती त्या पांढऱ्या कापडावर दोन्ही तळवे ठेवून उभी राहिली. "हे उलटं केलं की ती मेली."

मला वाटलं, राहू दे. कोण तपासणार आहे? पण तपासणारी समोर होती.

"तिनं सांगितलंय, तुझ्या हातून," मी म्हटलं.

इत्सुएनं डावी बाजू उचलली आणि आत सारली. उजवी बाजू वर घेतली. कापड दोनदा हातातून घसरलं. त्या दिवशी बागेत दीडशे बायकांसमोर हीच बाजू तिनं स्वतःला हसत हसत लावली होती. ती ते विसरली नव्हती. तिच्या तोंडाकडे बघून मला कळलं की एक दिवसही विसरली नव्हती.

गाठ नव्हती, बटण नव्हतं. तिनं कापड सरळ केलं, आईच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "आई, जा आता घरी."